रामवाडीची बाग आणि माझा वाकडा हात

आमच्या घरी सकाळ व्हायची ती कुटण्याच्या आवाजानं. आई उडदाचं पीठ पापडखार घालून घट्ट भिजवायची, तो गोळा पाट्यावर ठेवायची आणि तेलाचा हात लावत वरवंट्यानं कुटायला बसायची. धप्, धप्, मग दुमडायचं, पुन्हा धप्. शेजारच्या बायका पोळपाट काखेत मारून यायच्या, ओसरीत ओळीनं बसायच्या, आणि दुपारपर्यंत अंगणातल्या जुन्या साड्यांवर पापडच पापड पसरलेले असायचे. आम्हा मुलांचा डोळा लाट्यांवर. कच्ची लाटी तेलात बुडवून तोंडात टाकली की मिरीची चरचर जिभेवर बराच वेळ राहायची. पेणचे पापड लोक कुठून कुठून येऊन नेतात, पण लाटी पेणच्या बाहेर जात नाही. ती ज्यानं खाल्ली त्यालाच ठाऊक.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत कामाला होते. पेणहून गाडीनं जाऊन येऊन. घराचं वेळापत्रक त्यांच्या शिफ्टवर चालायचं. फर्स्ट शिफ्ट असली की दुपारी सगळे एकत्र जेवायला, नाइट असली की दिवसभर ते आतल्या खोलीत झोपलेले. गंमत म्हणजे ओसरीतल्या धपधपीत त्यांना गाढ झोप लागायची आणि आईचं कुटणं थांबलं की जाग यायची. बाहेर येऊन विचारायचे, "काय झालं? थांबलात का?" बोलणं एवढंच. माणूस मुळात कमी बोलणारा. वालाचं बिरडं आवडलं तरी नुसता दुसऱ्यांदा वाटी पुढे करायचा.

हायवेकडून आत वळलं की आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाग होती. गावातल्या एका व्यापारी घराण्यानं आपल्या आईच्या आठवणीसाठी केलेली, आणि ती सांभाळायला एक छोटा ट्रस्ट. बाग म्हणजे तरी काय? एक मोठी चिंच, पाणी नसलेलं कारंजं, एक घसरगुंडी आणि दोन झोपाळे. पण रामवाडीत पोरांना दुसरं होतं काय? बायकाही संध्याकाळी भाजी निवडायला तिथंच येऊन बसायच्या. मी तेव्हा अकरावीत होते, म्हणजे झोपाळ्यावर बसायचं वय लोकांच्या मते उलटून गेलेलं. मला तसं वाटत नव्हतं. दुपारी लहान पोरं शाळेत असायची, बाग रिकामी असायची. कॉलेजातून येताना मी दप्तर चिंचेखाली टाकायची आणि उभ्यानं झोका घ्यायची, पार वर, जिथून हायवेवरचे ट्रक दिसायचे तिथपर्यंत.

एका दुपारी वर गेलेला झोका खाली आलाच नाही. कडी झिजलेली होती, ती तुटली आणि साखळी एका बाजूनं सुटली. मी कुठं पडले, कशी पडले काही आठवत नाही. आठवते ती समोरच्या घरातून धावत आलेली हमीदाचाची. तिचा नवरा कुवेतला, ती सासूबरोबर बागेसमोर राहायची, तिला आम्ही फक्त ओट्यावर बसलेली बघायचो. तिनं डोक्यावरची ओढणी काढली, माझा हात तिच्यात बांधून गळ्यात अडकवला आणि म्हणाली, "रडू नको, रडू नको गो बाय. बघू पण नको तिकडं." मी बघितलंच. कोपर भलत्याच दिशेला वळलेलं होतं.

डॉक्टरांनी हात जोडला, पण तो पुरता सरळ व्हायचा नाही असं तेव्हाच सांगितलं. आजही होत नाही. दोरीवर कपडे वाळत घालताना माझा डावा हात अर्ध्यातच थांबतो आणि रोह्यातल्या माझ्या सुना हसतात. मीही हसते. पण त्या वेळी घरात कुणी हसत नव्हतं. अण्णांना ही बातमी गाडीतून उतरल्या उतरल्या स्टेशनवर कुणीतरी सांगितली, तीही अशी की, "तुमची पोरगी झोपाळ्यावर चढली होती." ते दवाखान्यात आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले, आणि घरी आल्यावर आईला म्हणाले, "त्या बागेचं नाव या घरात काढायचं नाय." आई पदरानं डोळे पुसत होती. तिला पुढचं दिसत होतं. वाकड्या हाताची मुलगी कोण करून घेणार?

ट्रस्टनं बागेला कुलूप लावलं. आधी वाटलं, दुरुस्तीसाठी असेल. पण महिने गेले आणि कुलूप तसंच. माझं प्लॅस्टर निघालं, मी बाहेर फिरायला लागले, आणि मला कळलं की गल्लीतल्या पोरांच्या लेखी बाग मी घालवली होती. मला बघितलं की पोरं ओरडायची, "सुलू पडली, बाग दडली!" त्यांच्या आयांना ते ऐकू यायचं, पण त्या पोरांना गप्प करायच्या नाहीत. एकदा नळावर एक बाई माझ्या तोंडावर बोलली, "एवढी मोठी घोडी झाली, तिला झोके कशाला पायजेत? आता आमची पोरं हायवेवर खेळतात. काय झालं तर कोण बघणार?" मी भरलेली कळशी उजव्या हातात घेऊन तिथून निघाले. मला लाज वाटायला हवी होती बहुतेक. मला आला तो राग. कडी मी झिजवली होती का?

तो राग घेऊन मी हमीदाचाचीकडे गेले. तोवर आमची चांगली गट्टी जमली होती. ती माझ्या कोपराला तेल चोळून द्यायची आणि मी तिला कुवेतहून आलेली कॅसेट ऐकता ऐकता शिवणकामात मदत करायची. मी नळावरचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "माझं लगीन होऊन मी या घरात आले तवापासून ती बाग बघते. आत कधी गेले नाय. एकटी बाई, कोन काय बोलंल म्हणून. पयल्यांदा पाय टाकला तो तुझ्यासाठी. आणि आता बघ, कुलूप." तिनं तेलाची वाटी बाजूला सारली. "चल, ट्रस्टवाल्याला भेटू."

ट्रस्टचा कारभार भाऊसाहेब नावाचे एक म्हातारे गृहस्थ बघायचे. स्वच्छ धोतर, हातात छत्री, बोलणं गोड. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि चहा मागवला.

"हात कसा आहे बाळ?"

"हात बरा आहे. बाग कधी उघडणार?"

चाचीनं ओढणी तोंडाशी नेली. तिला हसू येत होतं.

भाऊसाहेबांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. "अगं, तुझा हातच गेला. उद्या कुणाचं डोकं फुटलं तर? मला झोप येत नाही तेव्हापासून. खरं सांगतो."

"झोपाळे नवे केले तर?"

"ट्रस्टकडे पैसे कुठायत?"

"आम्ही आणले तर?"

"आम्ही म्हणजे कोण?"

मी चाचीकडे बघितलं, चाचीनं माझ्याकडे. "आम्ही म्हंजे आम्ही," ती म्हणाली.

भाऊसाहेब हसले नाहीत, ही त्यांची मोठी गोष्ट. त्यांनी विचार केला आणि दोन अटी घातल्या. झोपाळे, घसरगुंडी सगळं नवं आणि मजबूत हवं. आणि बाग उघडी असेल तेवढा वेळ एक मोठं माणूस तिथं हजर हवं, रोज, न चुकता. "हे केलंत तर चावी तुमच्याकडे," ते म्हणाले. त्यांना खात्री असावी की आम्ही पुन्हा येणार नाही.

आता इथं रोह्यात कुंडलिका नदीच्या काठच्या बागेसाठी आमचा एक ग्रुप आहे. तरुण मुलं-मुली मोबाइलवर निरोप टाकतात, चित्रस्पर्धा ठेवतात, वर्गणी मोबाइलवरच जमा होते. मला ती म्हणतात, "काकू, तुमच्या वेळी तुम्ही कसं केलंत?" मी म्हणते, तोंडानं. दारोदार जाऊन तोंडानं. पहिलं दार अर्थात आमचंच होतं, आणि तेच सगळ्यात घट्ट बंद होतं. अण्णांच्या कानावर जाणार नाही अशा बेतानं मी आईला सगळं सांगितलं.

"पापड विकायचे ते पोटासाठी," आई म्हणाली. "बागेसाठी कोण विकतं? आणि तुझा हात घालवला त्या बागेसाठी?"

मी म्हटलं, "आई, हात परत येणार नाही. बाग येईल."

ती वरवंटा धुवायला उठली. पण दोनेक दिवसांनी मी बघते तर पाट्यावरचा गोळा नेहमीपेक्षा मोठा. बायका लाटायला बसल्यावर आईनं कुणाकडेही न बघता सांगितलं, "शेवटची लाटी बागेची. ज्यांना जमेल त्यांनी." नळावर मला बोललेली ती बाईही त्या ओळीत होती. तिनं एक नाही, दोन लाट्या बाजूला काढल्या आणि पोळपाट तिरका करून गप्प लाटायला लागली.   त्या दिवसापासून तिचा मुलगा मला बघून ओरडायचा थांबला.

जत्रा करायची असं ठरलं, दिवाळीच्या आधी, बागेतच. भाऊसाहेबांनी त्या एका दिवसापुरतं कुलूप काढायचं कबूल केलं. पापड आमचे, खायचं चाचीचं. पण पोरांसाठी काय? आईची मावसबहीण शालूमावशी हमरापूरला होती, तिच्या घरी गणपतीचा कारखाना. मी आणि चाची तिच्याकडे गेलो. गणेशोत्सव नुकताच संपलेला, कारखान्यात एरवी पाय ठेवायला जागा नसते, तो आता मोकळा मोकळा. कोपऱ्यात फळीवर मात्र पांढऱ्या, न रंगवलेल्या उंदरांची फौज मांडून ठेवलेली.

"गणपती गेले, उंदीर राहिले," शालूमावशी म्हणाली. "दरवर्षी जास्तीचे होतात. काय करू त्यांचं?"

मी एक उंदीर उचलला. "मावशी, हे पोरांना रंगवायला दिले तर? जत्रेत? रंगवायचा आणि घरी न्यायचा."

मावशी आयुष्यभर मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत आलेली. तिला ती कल्पना आधी रुचली नाही. "कसलेही रंग फासतील गो पोरं."

"फासू देत की," चाची म्हणाली. "उंदीरच तर हाय."

मावशी जत्रेला स्वतः आली, रंगांचे डबे टेम्पोत घालून. आणि मग काय सांगू? निळे उंदीर झाले, पट्ट्यापट्ट्यांचे झाले, एकाला मिशा आल्या, एकाला चष्मा. मावशी आधी कपाळाला हात लावून बसली होती, ती थोड्या वेळानं एका मुलीला म्हणत होती, "बघ, हिरव्यात थोडा पिवळा घाल, पोपटी होतो." चाचीची तांदळाची गोड, वाफवलेली सांदणं आणि खिम्याचे समोसे होते. आमच्या शेजारच्या काकू सकाळी लांबूनच बघत उभ्या होत्या. दुपार व्हायच्या आत सांदणं संपली आणि काकू चाचीला नारळाचं दूध किती घालायचं ते विचारत बसल्या होत्या.

पण दुपारी सगळं थंडावलं. ऑक्टोबरचं ऊन, माणसं जेवून घरी झोपलेली. पापडांचा ढीग तसाच पडून होता, रंगवायला बसलेली पोरं गेली होती. आई साडीच्या पदरानं वारा घेत बसली होती. मी मनात म्हटलं, एवढंच होतं तर. झोपाळे होतील, घसरगुंडी व्हायची नाही.

आणि मग स्टेशनकडून माणसं यायला लागली. हातात डबे, अंगात कंपनीचे निळे शर्ट. रोह्याची गाडी आली होती आणि तिच्यातून अख्खी फर्स्ट शिफ्ट उतरून आमच्या बागेत येत होती. काही पेणचीच, काही आसपासच्या गावांची, आणि कासूचे एक बुवा तर आपलं स्टेशन मागं टाकून तसेच पुढे आलेले. मी आ वासून बघत राहिले. त्यातला पुढचा माणूस आईला म्हणाला, "वैनी, पापड द्या. सगळ्यांना द्या. तुमच्या मालकानं गाडीत सांगून ठेवलंय, जो बागेत येनार नाय त्याला डब्यातला पापड बंद."

"ते कुठायत?" आईनं विचारलं.

"तो? तो घरी गेला की. म्हणाला, जेवून झोपतो."

आईनं मान खाली घातली आणि पापड बांधायला घेतले. तिचे हात इतक्या भराभर चाललेले मी कधी बघितले नव्हते. ती दाढीवाली, राकट माणसं मग उंदीर रंगवत बसली. कासूच्या बुवांनी आपला उंदीर पूर्ण लाल रंगवला आणि नातीसाठी डब्यात घालून नेला. घसरगुंडी झाली. कारंज्यात पाणीसुद्धा आलं, पण तो पुढचा भाग.

अण्णांना मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी वाटी पुढे केली असती.

दिवाळीनंतर नवे झोपाळे बसले. लोखंडी चौकट, जाड साखळ्या, लाकडी पाट. बाग उघडायच्या दिवशी सगळी रामवाडी जमली. भाऊसाहेबांनी फीत कापली, दोन शब्द बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग काहीच झालं नाही. पोरं झोपाळ्यांकडे बघत होती आणि त्यांच्या आया त्यांची मनगटं घट्ट धरून उभ्या होत्या. एक जण म्हणाली, "जाऊ देत चार दिवस. मग बघू." दुसरीनं मान डोलावली. भाऊसाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातल्या चावीवर हात ठेवलेला मला दिसला. आणि मला हेही दिसलं की त्या सगळ्या बायका झोपाळ्यांकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

एक गोष्ट मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती, चाचीलासुद्धा. झोपाळे बसवत होते तेव्हा नुसता साखळीचा आवाज ऐकून मी बागेबाहेर निघून आले होते. भाऊसाहेबांशी भांडणारी, दारोदार फिरणारी मी, पण पुन्हा त्या पाटावर बसायचं नाही हे मी मनाशी पक्कं ठरवलेलं होतं. बाग उघडेल, पोरं खेळतील, मी बाकावर बसेन. आता बाकावर बसून चालणार नव्हतं हे माझ्या लक्षात आलं. मी पुढे झाले. आई मागून म्हणाली, "नको गो सुलू." मी पाटावर बसले. उजवा हात साखळीवर वर गेला, डावा अर्ध्यात थांबला, तिथंच मी तो घट्ट धरला. पाय जमिनीवरून उचलायचे होते. ते उचलत नव्हते. सगळी रामवाडी बघत होती आणि माझे पाय मातीत रुतल्यासारखे.

तेवढ्यात मागून कुणीतरी पाट धरला. शिफ्टवरून सरळ आलेले अण्णा होते. डबा त्यांनी चाचीच्या हातात दिला होता. ते वाकले आणि मला एकटीला ऐकू जाईल असं म्हणाले, "ओरडायचं तर ओरड. साखळी सोडू नको."

आणि त्यांनी ढकललं.

मी ओरडले. पहिल्या झोक्याला भीतीनं ओरडले, दुसऱ्याला सवयीनं, तिसऱ्याला हायवेवरचे ट्रक दिसले आणि मी हसायलाच लागले. मागून कुणा पोराचा आवाज आला, "आई सोड ना!" मनगटं सुटली. पोरं अशी धावली की अण्णांना दोन्ही हात पसरून त्यांना अडवावं लागलं. मी उतरले तेव्हा माझ्या जागेसाठी भांडण लागलं होतं. भाऊसाहेब आपल्या नातवाला घेऊन रांगेत उभे राहिले, ट्रस्टवाले म्हणून पुढे घुसले नाहीत. चावी त्यांनी चाचीला दिली. चाचीनं ती ओढणीच्या टोकाला बांधली आणि चिंचेखालच्या बाकावर ऐसपैस बसली, आपल्याच घराकडे तोंड करून. "इथून घर बरं दिसतंय गो," ती म्हणाली.

रोज कुणी हजर राहायचं त्याच्या पाळ्या तिथंच ठरल्या. सोमवार चाची, मंगळवार शेजारच्या काकू, असं करत करत आठवडा भरत आला, तेव्हा अण्णा म्हणाले, "रविवारची शिफ्ट माझी." पुढे कित्येक वर्षं ते रविवारी दुपारी जेवून बागेत जायचे आणि अंधार पडायच्या आत कुलूप लावून यायचे. काय करता तिथं, असं विचारलं तर म्हणायचे, "बसतो."

आईची काळजी मात्र गेली नव्हती. माझी बारावी झाली आणि स्थळं यायला लागली. पोहे खाऊन झाले की पाहुण्यांमधलं कुणीतरी घसा साफ करून विचारायचं, हाताला काय झालं, कामाला अडतं का, भाकरी थापता येते का. मी खरं ते सांगायची. लोक ऐकून घ्यायचे, चहा संपवायचे, "कळवतो" म्हणायचे. मला वाईट वाटायचं ते आईसाठी. तिनं नवा कप-बशांचा सेट काढून ठेवलेला असायचा.

मग एकदा रोह्याहून मंडळी आली. मुलगा शाळेत शिक्षक, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा. त्याच्या मावशीनं घसा साफ केला आणि हाताचं विचारलं. मी पहिल्यापासून सांगितलं, कडी, झोका, पडणं, प्लॅस्टर, ट्रस्टचं कुलूप. मावशी म्हणाली, "अरेरे." त्याच्या आईनं माझ्या कोपराकडे बघितलं आणि नजर खाली वळवली.  आईनं बशीतले पोहे उगाच नीट केले.

मुलानं चष्मा वर सरकवला आणि मला विचारलं, "मग? बाग उघडली का?"

तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

"उघडली," मी म्हटलं. "इथंच आहे, गल्लीच्या तोंडाशी. दाखवू?"

"दाखवा की," तो म्हणाला आणि उठलाच. आईनं अण्णांकडे बघितलं. अण्णांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि दारातल्या चपला पायानं बाजूला सारून आम्हाला वाट करून दिली.